पार्वतम्मांचे डोळे

१

नवा कॅमेरा आणला की पहिला फोटो बायकोचा काढायचा, असा माझा रिवाज आहे. रिवाज म्हणायचं, पण तो दुसऱ्यांदाच पाळला जात होता, कारण पहिला कॅमेरा मी सोळा वर्षं वापरला. लोहाऱ्यात माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी आणि पोटापुरती झेरॉक्स. जुन्या कॅमेऱ्याच्या पकडीवरचं रबर निघालं तेव्हा ते मी सायकलच्या सोल्यूशननं चिकटवलं. पडद्यावर हिरवी रेघ आली, ती तशीच राहू दिली. पण मागच्या लग्नसराईत एका नवरीच्या भावानं त्याच्या मोबाईलवरचा फोटो माझ्या फोटोशेजारी धरला. तेव्हा मी गपगुमान सोलापूर गाठलं.

दुकानदार म्हणाला, आरशाचे कॅमेरे आता कोण घेतं, बिनआरशाचा घ्या. मी ऐकलं नाही. फोटो काढताना आतला आरसा उचलला जातो, त्याचा ‘खटॅक’ आवाज मला हवा असतो. तो ऐकला की नवरी धरलेला श्वास सोडते आणि तिचा खरा चेहरा त्यानंतर येतो. शिकवून न येणाऱ्या गोष्टी आहेत या. म्हणून आरशाचाच घेतला, पण नव्यातला नवा, चोवीस मेगापिक्सलचा.

खंडेनवमीला दोन्ही कॅमेऱ्यांना हळदीकुंकू लावलं आणि शिवप्रियाला स्टुडिओच्या दाराजवळ स्टुलावर बसवलं. घर स्टुडिओच्या मागंच आहे. ती पुरण टाकून आलेली, हाताला डाळ लागलेली, चेहऱ्यावर ‘उरका लवकर’ असा भाव. खटॅक.

कॉम्प्युटरवर फोटो मोठा करत गेलो. पापण्यांचे केस मोजता येत होते. आणखी मोठा केला. जुन्या कॅमेऱ्यात डोळ्यातली चमक म्हणजे एक पांढरा ठिपका असायचा. इथं त्या ठिपक्यात आमचं दार होतं, दाराबाहेर रस्ता होता, रस्त्यावर उभी जीप होती आणि मधोमध कोपर वर केलेला मी होतो. मला इतका आनंद झाला की मी तिला हाक मारून दाखवलं. आमचं लग्न होऊन अठरा वर्षं झाली, पोरगा लातूरला हॉस्टेलवर आहे, आणि बायकोच्या डोळ्यात आपण खरोखर दिसतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“एवढं जवळून बघू न्हाय माणसाला,” ती म्हणाली आणि पुरणाकडं गेली.

२

दिवाळीच्या आधी जवळच्या गावातल्या चन्नबसप्पाचा फोन आला. त्याची आई गेली होती, पार्वतम्मा. आमच्या समाजात माणूस गेलं की त्याला बसवतात. विभूतीचे पट्टे ओढतात, गळ्यात फुलं घालतात, मागं उशी देऊन पाठ ताठ करतात आणि माती द्यायला न्यायच्या आधी सगळं घर भोवती बसून एक फोटो काढतं. महिन्याला असे दोन-तीन फोटो मी काढतो. बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. मला लग्नापेक्षा ते काम बरं वाटतं, कारण तिथं कुणी हलत नाही.

त्याचं गाव भूकंपानंतर वसवलेलं, सरळ ओळीत एकसारखी घरं. पार्वतम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात गुडघ्यावर, हनुवटी किंचित डावीकडं. दारातून येणारा उजेड एका गालावर होता. त्यांच्या मांडीला खेटून सहा वर्षांची नात बसलेली, शिवकन्या. ती रडत नव्हती. फक्त मधूनमधून आजीच्या मिटल्या डोळ्यांकडं वाकून बघत होती.

फोटो झाल्यावर चन्नबसप्पानं मला बाजूला घेतलं. आईचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नातला होता तो भूकंपात गेला, आणि नंतर म्हातारीनं कुणाला काढू दिला नाही. आधार कार्डावर होता, त्यात डोळ्यांच्या जागी शाईचे दोन डाग.

“डोळे तेवढे उघडून द्या, शंभूअण्णा,” तो म्हणाला. “लेकरू अज्जीच्या कुशीत झोपायचं. तिला अज्जी बघायली असं वाटाय पायजे.”

मी हो म्हणालो. डोळे उघडून देणं हे माझ्यासाठी फुटाणे खाण्यासारखं काम होतं.

३

माझ्या कॉम्प्युटरवर ‘डोळे’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात सोळा वर्षांत जमवलेले तीनेकशे डोळे आहेत. म्हाताऱ्यांचे, तरण्यांचे, सरळ बघणारे, तिरके बघणारे. गेलेल्या माणसाचा उघड्या डोळ्यांचा फोटो नसला की मी त्यातली एखादी जोडी बसवतो. ही गोष्ट गावोगावचे फोटोवाले करतात आणि कुणी कुणाला सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरच्यांना मात्र ते डोळे ओळखीचे वाटतात. रडणाऱ्या माणसाला सगळेच डोळे ओळखीचे वाटतात.

या वेळी एकही जोडी बसेना. सगळे जुन्या कॅमेऱ्याचे डोळे. नव्या कॅमेऱ्यात पार्वतम्मांच्या गालावरची सुरकुती न् सुरकुती आलेली, आणि त्यात ते धुरकट डोळे म्हणजे रेशमी लुगड्याला गोणपाटाचं ठिगळ. शिवप्रियाच्या हातचं जेवताना मला सुचलं की नव्या कॅमेऱ्याचे डोळे माझ्याकडं आहेत, एकच जोडी आहे.

शिवप्रियाची हनुवटीही तशीच किंचित डावीकडं होती. उजेडही दाराचा, त्याच बाजूचा. मी तिचे डोळे उचलले, पांढऱ्या भागावर थोडा पिवळेपणा आणला, कडेला दोन सुरकुत्या ओढल्या आणि ठेवले. मापं घेऊन शिवल्यासारखे बसले. तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंही तेव्हा वाटलं नाही.

कार्याच्या दिवशी वीस बाय चोवीसची फ्रेम घेऊन गेलो. आतल्या खोलीत दाराकडं तोंड करून ती टांगली. चन्नबसप्पा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, आई बघायलीय. शिवकन्या खोलीत डावीकडं गेली, उजवीकडं गेली, मग फोटोसमोर मांडी घालून बसली आणि पाटीवरची पेन्सिल कुरतडायला लागली.

४

दुपारी जेवण झालं की शिवप्रिया तासभर पडते. त्या आठवड्यात एकदा उठून चहा ठेवताना ती सांगायला लागली की रोज एकच स्वप्न पडतंय. हिरव्या रंगाची भिंत, दारात उन्हाचा पट्टा, आणि एक बारकी पोरगी समोर येऊन बसते. शाळेत काय झालं ते सांगते. आवाज येत नाही, पण ओठ हलतात. ती हसत होती सांगताना.

“अन् पेन्सिल खाती ओ सारखी. म्या म्हणते खाऊ न्हाय, तर माझं तोंडच उघडत न्हाय.”

मी म्हणालो, मीच तुला सांगितलं असेल त्या पोरीबद्दल. ती म्हणाली, असेल. विषय संपला. मी स्वतःलाही तेच सांगितलं. सांगितल्याचं आठवत नव्हतं, पण माणसाला सगळं कुठं आठवतं. भिंत हिरवी होती का, तेही मला आठवत नव्हतं. फोटोवाल्याला भिंत आठवत नाही, उजेड आठवतो.

मग स्वप्नाला झोपेची गरज राहिली नाही. चार वाजले की शिवप्रिया हातातलं काम घेऊन थबकायची. भाजी निवडताना, झेरॉक्सचे कागद लावताना. डोळे उघडे, पण पापणी लवायची नाही. चेहऱ्यावर इतकं शांत, लाडिक हसू यायचं की मला हाक मारायला जीवावर यायचं. पाच वाजले की ती पुन्हा निवडायला लागायची आणि मेथीची जुडी वाळलेली बघून स्वतःवरच चिडायची. पहिलीचा वर्ग चारला सुटतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी एका शिक्षकाला विचारून घेतलं.

५

एकदा ती चारच्या सुमारास दळण आणायला गेली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. एसटीच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली, आणि ती बसकडं तोंड करून उभी होती, हसत. लोकांनी तिला धरून घरी आणलं. ड्रायव्हर मला शिव्या देत होता. मी भित्रा माणूस नाही, पण त्या संध्याकाळी ती भाकरी करताना मी चुलीजवळून हललो नाही.

सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी उजेड टाकून, थेंब घालून तपासलं आणि डोळे ठणठणीत आहेत म्हणाले. तपासणी सकाळी अकराला झाली होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तिला पुन्हा त्या स्टुलावर बसवलं. तोच कॅमेरा, तेच दार. मी समोर उभा राहून नाव घेऊन हाक मारली. ती माझ्याकडंच बघत होती. खटॅक.

कॉम्प्युटरवर मोठं करत गेलो. पापण्या, बुबुळ, चमकीचा ठिपका. ठिपक्यात दार होतं. पण आमचं दार दोन फळ्यांचं आहे आणि हे एका फळीचं होतं. बाहेर रस्ता नव्हता, शेणानं सारवलेलं अंगण होतं. उंबऱ्याच्या अलीकडं काहीतरी बारकं, मांडी घालून बसलेलं.

मी स्वतःला समजावलं. कार्ड जुनं असेल, दोन फोटो एकमेकांत मिसळले असतील, नवा कॅमेरा आहे, काहीतरी सेटिंग असेल. सगळं समजावून झालं, तरी एक गोष्ट राहिली. ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यात मी नव्हतो. त्याचं मला जितकं वाईट वाटलं, तितकी त्या दाराची भीती वाटली नाही.

६

मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ती पोर एकटीच बसते हो तिथं, कुणी तिच्याशी बोलत नाही. राहू द्या की, तासाभराचा तर प्रश्न आहे. मी म्हणालो, काल सव्वापाच झाले होते. तिनं मान खाली घातली. तिलाही ठाऊक होतं.

फायलीतले डोळे मी पुसून टाकले. काही फरक पडला नाही. मग पार्वतम्मांचा मूळ फोटो, मिटल्या डोळ्यांचा, तसाच छापला, फ्रेम केली आणि गाडीवर बांधून निघालो. शेजारच्या बाईंना शिवप्रियाजवळ बसवून गेलो.

चन्नबसप्पाला मी थाप मारली. बसवलेले डोळे सहा महिन्यांत पिवळे पडतात, त्यापेक्षा आई निवांत झोपलेली बरी. तोही फार ताणून बोलला नाही. भावकीतल्या जाणत्यांना उघडे डोळे रुचले नव्हते म्हणाला. मी फोटो बदलला. भिंत हिरवी होती. काढलेला फोटो वर्तमानपत्रात गुंडाळत होतो, तेवढ्यात शिवकन्या शाळेतून आली. तिनं भिंतीकडं एकदा पाहिलं.

“अज्जी झोपली?”

“व्हय बाळ.”

त्यानंतर ती भिंतीकडं बघतच नव्हती. माझ्या काखेतल्या गुंडाळीकडं बघत होती.

गावाबाहेर आलो तोच फोन वाजला. शिवप्रिया होती. आवाज बारीक झालेला.

“अहो, अंधार का झालाय? चारच वाजल्यात ना?”

मी गाडी बाभळीखाली थांबवली. काही विचार केला नाही, वर्तमानपत्र फाडलं आणि फ्रेम गाडीच्या सीटवर उभी धरली. कडेला तुरीचं रान होतं, वारं होतं, ऊन होतं. फोनवर तिनं श्वास सोडला. खटॅक ऐकल्यावर नवऱ्या सोडतात तसा.

“तुम्ही दिसायलाव,” ती म्हणाली. “रस्त्यात काय करायलाव? अन् मागं ती शेळी हाय, बघा. कानाला लाल फडकं बांधलेली.”

मी मागं वळून पाहिलं. शेळी होती. लाल फडकंही होतं.

पुन्हा गुंडाळायची हिंमत झाली नाही. कुणी म्हणेल, तिथंच फोडून टाकायचा. मलाही सांगता आलं असतं, दुसऱ्याच्या बायकोचे डोळे असते तर. मी फ्रेम मागच्या सीटवर मागं तोंड करून बांधली आणि सावकाश घरी आलो. शिवप्रिया दारात उभी होती, चेहरा उजळलेला. तिनं सांगितलं की सगळा रस्ता तिच्या पायाखालून लांब लांब पळत होता. तुरीची शेतं, विजेचे खांब, मावळायला लागलेलं ऊन. लहानपणी बैलगाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसल्यासारखं वाटलं म्हणाली. असं सुख कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं.

“अन् मागून कोणीतरी चालत येत होतं,” ती म्हणाली.

“कोण?”

“लई लांब होतं. म्हातारं माणूस होतं. येईल हळूहळू.”

७

आता तो फोटो आमच्या मधल्या खोलीत असतो. भिंतीवर नाही, खुर्चीवर ठेवलेला, माझ्या जागेकडं तोंड करून. ही युक्ती माझीच. चार वाजता मी स्टुडिओला कडी घालतो आणि समोरच्या भिंतीला टेकून, सतरंजीवर त्या फोटोसमोर बसतो. शिवप्रिया घरात कुठंही असो, पलंगावर असो, चुलीपाशी असो, तिला मी दिसतो. ती निवडत राहते, बोलत राहते. तिला आता रस्त्याची भीती नाही, कारण त्या तासाला मी तिला घराबाहेर पडू देत नाही. गिऱ्हाईकं तोपर्यंत दुसऱ्याकडं जातात. जाऊ देत. सोळा वर्षं लोकांना ‘इकडं बघा’ म्हणत आलो, आता रोज एक तास माझ्याकडं कुणीतरी बघतं. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

मध्ये एकदा चन्नबसप्पा झेरॉक्स काढायला आला. पोरगी कशी आहे विचारलं. बरी आहे म्हणाला, आता फोटोसमोर बसत नाही, खेळायला जाते. मग कागद मोजता मोजता हसला.

“म्हणती, अज्जी घरात न्हाय. फोटोवाल्या काकाकडं चालत गेली म्हणती, डोळे आणाय. लेकरांचं काय, अण्णा.”

मीही हसलो. लेकरांचं काय.

परवा चार वाजता नेहमीसारखा बसलो होतो. शिवप्रिया पलंगावर लसूण सोलत होती, फोटोकडं तिची पाठ. दारातून उजेड येत होता, बाहेर कुणाची तरी पाण्याची मोटर चालू होती. मला पेंग येत होती. शिवप्रिया काहीतरी गुणगुणत होती, ती मध्येच थांबली.

“जरा सरकून बसा,” ती म्हणाली, मान वर न करता. “त्यांना टेकायला जागा न्हाय.”

कुणाला, हे मी विचारलं नाही. कॅमेरा शेजारीच होता. मी उठलो नाही, मान वळवली नाही. बसल्या जागेवरून तिला हाक मारली. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि मी बटण दाबलं. खटॅक. माझ्या मागं, अगदी कानाजवळ, कुणीतरी श्वास सोडला. मोटर बंद पडल्याचा आवाजही असेल तो. मोटर खरंच त्याच वेळी बंद पडली होती.

फोटो कॉम्प्युटरवर घेतला. पापण्यांपर्यंत मोठा केला, मग बुबुळापर्यंत. चमकीच्या ठिपक्यात आमची मधली खोली होती, बसलेला मी होतो. आणि माझ्या आणि भिंतीच्या मध्ये, जिथं चार बोटंही जागा नाही, तिथं पाठ ताठ करून कुणीतरी बसलेलं होतं. हात गुडघ्यावर. हनुवटी किंचित डावीकडं. कपाळावर तीन पांढऱ्या रेघा. त्याखाली काय आहे ते एवढ्यावरून कळत नाही.

आपली पाठ आपल्याला दिसत नाही, आणि देवानं ते विचार करूनच केलं असावं. चोवीस मेगापिक्सल आहेत. आणखी दोनदा मोठं केलं तर त्यांचे डोळे मिटलेले आहेत की उघडलेत ते दिसेल, आणि उघडे असतील तर कुणाचे आहेत तेही. माझं बोट बटणावर होतं, तेवढ्यात शिवप्रिया चहा घेऊन आली. तिनं पडद्याकडं पाहिलं नाही, कप ठेवला आणि माझं बोट बाजूला केलं.

तो फोटो मी पुसलेला नाही, मोठाही केलेला नाही. फक्त चार वाजता बसताना आता मी थोडा सरकून बसतो.